गावातल्या सगळ्या कुत्र्यांना रेबीजची लस: मोजणीपासून फेरमोजणीपर्यंत

शिबिराचा फलक लागतो, सरपंच नारळ फोडतात, अकरा वाजता ग्रामपंचायतीसमोर टेबल मांडलं जातं. दुपारी एकपर्यंत वीसेक कुत्री येतात. त्यातली बरीचशी गळ्यात पट्टा असलेली, घरात बांधलेली. फोटो निघतो, उरलेल्या कुप्या परत जातात. दोन-तीन महिन्यांनी त्याच गावात कुत्रं पिसाळतं आणि लोक म्हणतात, "लस देऊनबी काय झालं?"

लसीत दोष नसतो. ज्या कुत्र्यांमुळे रोग गावात फिरतो ती टेबलापर्यंत आलेलीच नसतात. कुत्र्यांमधला रेबीज थांबवायला गावातल्या एकूण कुत्र्यांपैकी निदान ७० टक्के कुत्र्यांना, थोड्या दिवसांत, दरवर्षी लस मिळावी लागते. 'एकूण' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. एकूण किती आहेत हेच ठाऊक नसेल तर २० म्हणजे यश की अपयश, ते कळणार कसं?

सत्तरच का, याचा हिशेब सोपा आहे. साखळी तुटायला एका वेळी सत्तरपेक्षा बरीच कमी टक्केवारीही पुरते. पण गावातली कुत्री भराभर बदलतात. समजा १०० कुत्र्यांपैकी ७० ना लस दिली. वर्षभरात ३० मेली, त्यात २१ लसवाली. तेवढीच नवी पिल्लं आली, सगळी बिनलसीची. वर्षाअखेर लसवाली उरली ४९. सुरुवातच ४० वर केली असती तर उरली असती २८. म्हणून सत्तर, आणि म्हणून दरवर्षी.

खाली दिलेला क्रम विदर्भातल्या हजार-दोन हजार वस्तीच्या गावासाठी आहे. टप्पे मागेपुढे करू नका. बहुतेक गावांचं तिथेच बिघडतं.

टप्पा १: महिनाभर आधी, कुत्र्यांच्या आधी माणसांची लस

कुत्री धरणाऱ्या प्रत्येकाला आधी स्वतः रेबीजची लस घ्यावी लागते. ही चावण्याआधीची लस आहे: पहिला दिवस, सातवा दिवस, आणि २१ वा किंवा २८ वा दिवस. म्हणजे तयारीला महिना लागतो तो इथे. आदल्या दिवशी "चार पोरं घेऊन येतो" असं म्हणणाऱ्या कार्यकर्त्याला नम्रपणे नाही म्हणा. ती पोरं दवंडी देतील, नोंद लिहितील, पण जाळीला हात लावणार नाहीत.

याच महिन्यात ढोरांच्या दवाखान्यात जाऊन पशुधन विकास अधिकाऱ्यांशी बोला. लसीची मागणी, तारीख आणि सुई कोण टोचणार हे तिथेच ठरेल. टोचण्याचं काम पशुवैद्यकांचं, किंवा त्यांच्या देखरेखीखाली पशुधन पर्यवेक्षकांचं. गावातल्या औषधाच्या दुकानातून कुप्या आणून स्वतः टोचायचा उत्साह नको.

नसबंदी होईपर्यंत लस थांबवायची, असा एक घोळ हल्ली बराच दिसतो. नसबंदी हवीच, २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत तिची पद्धत आणि जबाबदारी ठरलेली आहे. पण तिला शस्त्रक्रियागृह, डॉक्टर, पिंजरे, सगळंच लागतं. लसीला थंड डबा आणि माणसं पुरतात. दोन्हींची सांगड घालता आली तर उत्तम, नाही तर लस आधी.

टप्पा २: कुत्री मोजा

या टप्प्याला दोन सकाळी द्या आणि कंटाळा करू नका.

पहिली मोजणी घरोघरची. इथे प्रश्न कसा विचारता यावर आकडा ठरतो. "तुमच्याकडे कुत्रं आहे का?" म्हटलं की उत्तर येतं, नाही. अंगणात पडलेल्या कुत्र्याकडे बोट दाखवून "हे कोनाचं हाय?" विचारलं तरी तेच, "कोनाचंच नाई." मग विचारायचं, "ह्याले भाकर कोन टाकते?" लगेच नाव निघतं, कधी दोन-तीन घरांची निघतात. खेड्यातलं 'बेवारस' कुत्रं बहुतेक वेळा असं तीन घरांचं असतं. भाकर टाकणारं माणूस हाक मारून त्याला जवळ बोलावू शकतं, म्हणून हे नाव वहीत लिहिणं म्हणजे निम्मं काम झालं. जाळीची गरज तिथेच कमी होते.

वहीत पाच रकाने पुरेत: भाकर टाकणाऱ्याचं नाव, कुत्र्याचा रंग, नर की मादी, तीन महिन्यांखालचं पिल्लू आहे का, हाताने धरू देतं का.

दुसरी मोजणी गल्ल्यांची. सकाळी सहा ते आठ, दोघांनी पायी किंवा दुचाकीवर हळू, प्रत्येक गल्ली एकदाच. एक बघतो, एक लिहितो. गावठाणाबाहेरच्या जागा सोडू नका: कोंबडीचं दुकान, बसथांब्याजवळचं हॉटेल, ढोरांचं आखर, उकिरडे, शाळेचा पोषण आहार शिजतो त्यामागची बाजू, जिनिंग असेल तर तिचं आवार. आणि टोला, पोड, बेडा. मुख्य गावापासून दीड-दोन किलोमीटर लांबची वस्ती यादीतून हमखास सुटते, आणि कुत्री तिथेच घरामागे जास्त असतात.

दोन्ही आकडे ताडून मोठा धरा. समजा १२० आला. तुमचं लक्ष्य ८४. हा आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, म्हणजे शिबिराच्या संध्याकाळी सगळ्यांनाच हिशेब दिसेल.

तपासणी: वहीत पिल्लांचा रकाना जवळजवळ रिकामा आहे? मग मोजणी चुकली. पिल्लं कडब्याच्या गंजीत, पऱ्हाटीच्या ढिगाखाली, पडक्या घरात असतात. तिथे वाकून बघितल्याशिवाय ती दिसत नाहीत.

टप्पा ३: महिना आणि वेळ

जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. पावसाळ्यानंतर माज आलेल्या माद्यांची पिल्लं तोवर घराबाहेर फिरू लागलेली असतात आणि ऊनही लसीच्या डब्याला झेपतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा मोहीम काढणं म्हणजे लस उकडणं.

अडचण एकच. या दिवसांत तूर-हरभऱ्याला रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) लागतात, लोक वावरात जागलीला जातात आणि कुत्रं सोबत नेतात. पहाटे माणूस घरी परततो, कुत्रं कधीकधी मचाणाखालीच राहतं. जागलीच्या कुत्र्यांची वेगळी यादी करा आणि त्यांच्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवा. पांधणीने वावरात जाऊनच ती लस द्यावी लागते. जंगलाला लागून असलेल्या गावांत तर या कुत्र्यांना सोडून चालतच नाही, कारण कोल्ह्याशी किंवा दुसऱ्या रानटी जनावराशी गाठ पडण्याची शक्यता त्यांचीच जास्त.

पूर्व विदर्भात मार्च-एप्रिलच्या मोहफुलाच्या दिवसांत आणि पुढे तेंदूपत्त्याच्या हंगामात पहाटे गावात माणूस भेटत नाही. माणूस नाही म्हणजे कुत्र्याला हाक मारणारं कोणी नाही.

वेळ सकाळी सहा ते नऊ. लोक शेकोटीजवळ असतात, कुत्रीही. बाजाराचा दिवस टाळा.

टप्पा ४: लस थंड ठेवणं

कुत्र्यांची रेबीजची लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची. ती तापू नये हे सगळ्यांना माहीत असतं. ती गोठूही नये, हे मात्र निम्म्यांना माहीत नसतं, आणि माझ्या पाहण्यात लस जास्त वेळा बिघडते ती याच कारणाने. काळजीपोटी कुप्या बर्फाच्या पाकिटांत थेट गाडून ठेवल्या जातात. एकदा गोठलेली कुपी वितळल्यावर दिसायला बरी वाटली तरी टाकून द्यायची.

बर्फाची पाकिटं फ्रीजरमधून काढल्यावर लगेच डब्यात घालू नका. बाहेर ठेवा, घाम फुटू द्या, हलवून आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मग डब्यात. पाकीट आणि कुपी यांच्यामध्ये पुठ्ठा किंवा वर्तमानपत्राची घडी. डब्यात थर्मामीटर हवाच, वीस-पंचवीस घरं झाली की एकदा बघायचं. डबा दुचाकीच्या कॅरिअरवर उन्हात बांधून ठेवायचा नाही, पिंपळाच्या सावलीत ठेवायचा. प्रत्येक पथकाकडे पहिल्या तासापुरत्याच कुप्या द्या, उरलेल्या मुख्य डब्यात.

आदल्या रात्री लस कोणाच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर त्या रात्री वीज किती तास असते ते विचारून घ्या. दारातल्या कप्प्यात ठेवू नका, फ्रीजरलगतही नाही, मधल्या फळीवर ठेवा.

इशारा: दहा मात्रांची कुपी एकदा उघडली की त्याच दिवशी संपवायची. राहिलेली 'उद्याच्या गावाला' नेऊ नका.

टप्पा ५: दवंडी

आदल्या संध्याकाळी कोतवालाची दवंडी, देवळाच्या भोंग्यावरून सूचना, आणि शाळेतल्या मुलांना निरोप. सर्वांत जास्त काम मुलंच करतात. आपल्या आळीतलं कुठलं कुत्रं कुठल्या ओसरीत झोपतं हे त्यांना पक्कं माहीत असतं. पण कुत्रं धरून आणायचं काम मुलांना सांगायचं नाही, मोठ्यांना घेऊन यायला सांगायचं.

दवंडीत दोन वाक्यं न विसरता घाला: "गाभण आणि पिल्लांजवळच्या कुत्रीलाही लस चालते" आणि "बारक्या पिल्लांनाही आणा." ही लस मेलेल्या विषाणूची असते, गाभण कुत्रीला तिच्यापासून धोका नाही. मोहिमेत तीन महिन्यांखालच्या पिल्लांनाही मात्रा द्यायची, फक्त ती तीन महिन्यांची झाली की पुन्हा एकदा द्यायची, म्हणून वहीत खूण करून ठेवायची.

टप्पा ६: लसीचा दिवस

आधी हाताने धरता येणारी, मग भाकरीवर येणारी, शेवटी जाळीतली. सगळ्या लेखातून एवढा क्रम लक्षात राहिला तरी पुष्कळ.

जाळी सकाळी सहालाच बाहेर काढली की पहिल्या कुत्र्याचा आकांत गावभर जातो. पुढच्या दहा मिनिटांत बाकीची वावरात पळालेली असतात, हाताने धरता आली असती तीसुद्धा. आमच्या पहिल्या फेरीत आम्ही नेमकं हेच केलं. वहीत शंभरावर कुत्री होती, हाती लागली एकतीस.

सहा ते साडेसात मारुतीच्या पारासमोर किंवा चावडीजवळ टेबल. लोक आपली कुत्री आणतात. दोन कुत्र्यांमध्ये दहा पावलांचं अंतर ठेवा, नाही तर भांडण सोडवण्यातच वेळ जातो. तोंड बांधायला सुती पट्टी: नाकावरून एक वेढा, हनुवटीखाली गाठ, टोकं कानांमागे नेऊन बांधायची. सुतळी वापरू नका, कापते. कुत्र्याला मालकाने किंवा भाकर टाकणाऱ्याने धरावं. अनोळखी हात लागला की गरीब कुत्रंही उलटतं.

साडेसातनंतर वही घेऊन घरोघर. ज्या घरचं कुत्रं आलं नाही त्या घरातल्या माणसाला हाक मारायला सांगा. तो भाकर टाकतो, कुत्रं खाली मान घालतं, पाठीमागून टोचून मोकळं. साडेआठनंतर जाळीवाल्यांनी उरलेल्यांसाठी निघावं, एका गल्लीत एकच प्रयत्न. सुटलेलं कुत्रं पाठलाग करून धरायचं नाही. त्याची जागा लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी या.

टोचताना कुपी हलवून घ्या. मात्रा १ मिली, कुत्रं लहान असो की मोठं, कातडीखाली किंवा मांसात, कुपीवर लिहिलं असेल तसं. प्रत्येक कुत्र्याला नवी सुई. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायला जाऊ नका, टोचते. जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका आणि तो डबा दवाखान्यात परत न्या, उकिरड्यावर नाही.

इशारा: खालचा जबडा लोंबतोय, लाळ गळतेय, आवाज बदललाय, पाय ओढत चाललंय असं कुत्रं दिसलं तर त्याला लस द्यायला जाऊ नका, हातही लावू नका. थेट टप्पा ८ बघा.

टप्पा ७: खूण आणि फेरमोजणी

लस दिलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या डोक्यावर आणि पाठीवर रंगाची खूण करा. जनावरांना खूण करायची रंगकांडी मिळते ती वापरा. पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावून उरलेला ऑइलपेंट घरोघर असतो, पण कुत्रं अंग चाटतं, तो पोटात जातो. गुलाल दुपारपर्यंत टिकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मोजणीच्याच वाटेने, पुन्हा फेरी. दिसलेली एकूण कुत्री आणि त्यातली खुणेची, एवढंच लिहायचं. जागा वेगवेगळ्या लिहा.

समजा आदल्या दिवशी ८४ कुत्र्यांना लस दिली. लक्ष्य गाठलं म्हणून पेढे वाटायला हरकत नसावी. फेरीत मात्र ९२ कुत्री दिसली आणि खुणेची ५८. म्हणजे ६३ टक्के. ८४ कुत्री ६३ टक्के असतील तर गावात एकूण १३३ आहेत, १२० नाहीत. मोजणीत तेरा सुटली होती. आता वाटणी बघा: मुख्य गावात ५५ पैकी ४० खुणेची, ७३ टक्के. टोल्यात ३७ पैकी १८, निम्मीसुद्धा नाहीत. म्हणजे आणखी नऊ-दहा कुत्री हवीत आणि ती टोल्यात आहेत. गावभर पुन्हा फिरायची गरज नाही, त्याच आठवड्यात एक सकाळ टोल्यात द्या.

फेरमोजणी बहुतेक ठिकाणी गाळतात, कारण तिचा फोटो चांगला येत नाही.

तपासणी: फेरमोजणीत पिल्लं कमी दिसतात, म्हणून हा आकडा खऱ्यापेक्षा थोडा गोडच येतो. ७१ आला तर हुरळून जाऊ नका.

टप्पा ८: लसीनंतर कुत्रं पिसाळलं तर

हे होऊ शकतं आणि झालं तर गाव लसीवर खापर फोडतं. विषाणू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत कुत्र्यात बहुधा दोन आठवडे ते तीन-चार महिने जातात. लस टोचली तेव्हा एखाद्या कुत्र्यात रोग आधीच मुरलेला असेल तर लस त्याला वाचवू शकत नाही. चांगल्या कुत्र्यातही पुरेशी शक्ती यायला तीन-चार आठवडे लागतात. हे शिबिराआधीच ग्रामसभेत सांगून ठेवा, नंतर सांगितलं तर ते सबब वाटतं.

पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, हा समज काढून टाका. पाण्याची भीती हे माणसातलं लक्षण. पिसाळलेलं कुत्रं नाला ओलांडून जातं. आणि प्रत्येक पिसाळलेलं कुत्रं चावत सुटत नाही. मुक्या प्रकारात ते कोपऱ्यात पडून राहतं, जबडा लोंबतो, गिळता येत नाही. घशात हाड अडकलं समजून लोक तोंडात हात घालतात. गाय-म्हशीतही तेच होतं: जनावर हंबरत राहतं, लाळ गाळतं, आणि गळ्यात काही अडकलं म्हणून गडी कोपरापर्यंत हात घालतो. असा हात घालणाऱ्यालाही दवाखान्यात जावं लागतं.

संशय आला की कुत्र्याला काठीने मारू नका. शक्य असेल तर आहे त्या गोठ्यात किंवा खोलीत दार लावून कोंडा, लोकांना दूर ठेवा आणि जनावरांच्या मदतीच्या १९६२ या फोन क्रमांकावर किंवा ढोरांच्या दवाखान्यात कळवा. असं कुत्रं बहुधा दहा दिवसांत आपोआप मरतं. डोक्यावर काठ्या घातल्या तर तपासायला मेंदू उरत नाही. नमुना घेणं पशुवैद्यकांचं काम, आणि तो बर्फात जातो, फॉर्मलीनमध्ये नाही. रेबीज हा जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्यातल्या यादीतला रोग आहे, त्यामुळे संशयही कळवावा लागतो.

माणसाला चावलं असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा, घड्याळ लावून. तिखट, चुना, हळद, बिडीची राख काही नको. मग तडक प्राथमिक आरोग्य केंद्र. कातडीत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. रक्त निघालेल्या जखमेत त्याशिवाय रेबीजविरोधी सीरमही भरावं लागतं. ते तिथे नसेल तर कुठे मिळेल हे विचारून त्याच दिवशी निघा. 'दहा दिवस कुत्रं बघू, मग सुई घेऊ' असं करू नका. सुई आज सुरू करायची, कुत्रं सोबत बघायचं, पुढची थांबवायची की नाही ते डॉक्टर सांगतील. कुत्र्याला लस दिली होती, वहीत नाव आहे, म्हणूनही दवाखाना टाळायचा नाही.

चावलेल्या ढोरांनाही चावल्यानंतरची लस असते, पाच सुयांची. जखम धुवून त्याच दिवशी पशुवैद्यकांना दाखवा.

टप्पा ९: वर्षभरातली गळती

पुढच्या जानेवारीपर्यंत तीन ठिकाणी लक्ष ठेवा. एक, तीन महिन्यांची झालेली पिल्लं: वहीतली खूण बघून महिन्यातून एकदा जवळच्या दवाखान्यात न्या. दोन, बाहेरून येणारी कुत्री: धनगर आणि काठेवाडी मेंढपाळ कळप घेऊन शेतात बसायला येतात, त्यांच्यासोबत चार-पाच कुत्री असतात. ज्याच्या वावरात कळप बसणार त्यानेच मेंढपाळाला विचारावं आणि पर्यवेक्षकांना फोन करावा. तीन, पोत्यात भरून आणून सोडलेली कुत्री. शेजारच्या गावाने 'त्रास' तुमच्या वेशीवर सोडला की तुमची टक्केवारी एका रात्रीत घसरते. तुम्हीही तेच केलं तर लस दिलेली कुत्री घालवून बिनलसीच्यांना जागा करून देता. कुत्री मारून टाकणाऱ्या गावांचंही हेच होतं, वर ते बेकायदा आहे.

जमलं तर लागून असलेल्या दोन-तीन गावांनी एकाच पंधरवड्यात मोहीम घ्यावी. वही ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा, कोणाच्या घरी नको. पुढच्या वर्षीची मोजणी १३३ पासून सुरू होईल.